बदलून गेलेल्या साहेबांचे ड्राइव्ह

माझ्या कामात समोरचा माणूस पहिलं वाक्य काय बोलणार हे मला घरून निघतानाच माहीत असतं. "दीदी, मैंने कुछ नहीं किया." नमस्कार नंतर, पाणी नंतर, आधी हे. कंप्युटर बंद पडला की भल्याभल्यांचा चेहरा शाळेची काच फोडलेल्या पोरासारखा होतो.

रायपूरच्या गोल बाज़ारातल्या एका भांडेवाल्या भैयाचं सांगते. लक्ष्मीपूजनाला त्यांनी गल्ल्याची पूजा केली, तराजूची केली, आणि कंप्युटरही आता घरचाच झाला म्हणून त्याचीही केली. हळद, कुंकू, अक्षता, सगळं मनापासून, आणि सगळं नेमकं हवा जायच्या जाळीवर. पाडव्याला मला बोलावणं. "दीदी, मैंने कुछ नहीं किया." पेटी उघडली तर पंख्याच्या पात्यांत तांदूळ अडकलेले. मी म्हटलं, "भैया, ये चावल?" तर म्हणतात, "वो तो पूजा है दीदी. पूजा को करना थोड़ी बोलते हैं."

मी हसू गिळलं. मला हसायचा हक्कच नाही. मी तरी कुठं शिकले? अकोल्याकडून लग्न होऊन रायपूरला रेल्वे क्वार्टरमध्ये आले, तेव्हा टायपिंग येत होतं, बास. चौबे कॉलोनीत एक टायपिंगचा क्लास होता, तिथं शिकवायला जायचे. पुढं त्यांनी कंप्युटर आणले. ते बिघडले की दुरुस्तीवाला भिलाईहून यायचा, त्याच्या मर्जीनं. त्याची वाट पाहून कंटाळले आणि एक दिवस स्क्रूड्रायव्हर मीच उचलला. एक मशीन उघडायचं, शेजारच्या चालू मशीनमध्ये डोकावायचं, फरक कुठं आहे ते शोधायचं. हीच माझी शाळा. नंतर छत्तीसगड राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली, पाहावं तिथं नवीन कार्यालयं उघडली, आणि त्यांच्या कंप्युटरांच्या देखभालीचं काम घेणाऱ्या एका माणसाकडे मी लागले. कंप्युटरवाली दीदीची आंटी कधी झाले ते मलाही कळलं नाही.

तर इतक्या वर्षांत "माझीच चूक असेल" म्हणणारी व्यक्ती मला एकच भेटली. तिचं नाव कुमुद. आडनाव लिहीत नाही, कार्यालयाचंही नाव लिहीत नाही. सरकारी होतं, आणि शहरातली जुनी इमारत सोडून वर्ष-दीड वर्षापूर्वी नवा रायपूरला गेलं होतं, एवढं पुरे. नवा रायपूर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते: रस्ते एवढे रुंद की पलीकडं कुणी ओळखीचं दिसलं तर हाक पोचत नाही. चहासाठी सुद्धा बेत आखावा लागतो. सकाळी कर्मचाऱ्यांची बस शहरातून भरून जाते, संध्याकाळी भरून परत येते. ती चुकली की दिवस गेला.

कुमुद पुरानी बस्तीतली. त्यांचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इकडं. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीला अर्धं पाणी हिंदीचं. मी गेले तेव्हा ती टेबलाशी हात मांडीत घेऊन बसली होती, परीक्षेत पेपर काढून घेतलेल्या मुलीसारखी.

"काकू, चूक माझीच असंल," ती म्हणाली. "फक्त कोणती ते दाखवून द्या. मी पुन्हा नाही करणार."

"अगं, काय होऊन राहिलं ते तर सांग."

कार्यालयात नवीन पद्धत आली होती. साहेब जिल्ह्यांची माहिती चॅटवर मागणार, बाबू लोकांनी ती फाइल जोडून चॅटवरच पाठवायची. कागद नाही, शिपाई नाही. साहेबांच्या फोनवर ते अ‍ॅप, बाकीच्यांच्या फक्त कार्यालयातल्या मशीनवर. साहेबांचे प्रश्न कुमुदला येत होते. तिचं उत्तर साहेबांना पोचत नव्हतं. ती फाइल जोडायच्या खुणेवर बोट दाबायची आणि मशीन थिजायचं. पडदा पांढरा, बाण फिरतोय फिरतोय, ना पुढं ना मागं. शाखेत त्याला म्हणायचे, "कुमुदचं मशीन समाधीत गेलं." कधी बऱ्याच वेळानं उठायचं, कधी बंद करून पुन्हा चालू करावं लागायचं.

"मग तू वर जाऊन सांगितलं नाही साहेबांना?"

"गेली होती ना काकू. साहेब नेहमी मंत्रालयात मीटिंगला. त्यांचे पीए म्हणतात, कागज मत लाइए, चैट में डालिए. डालून तर राहिले मी!"

साहेबांचीही बाजू होती. वरच्यांपुढं त्यांना माहिती नसताना उभं राहावं लागलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेजारच्या टेबलांवरून उत्तरं झटपट यायची, या एका टेबलावरून शांतता. त्यांना वाटलं ही बाई मुद्दाम करते. शेवटी त्यांनी स्थापना शाखेला नोटशीट मांडायला सांगितली: काम टाळतात, जशपूरला बदली करावी. नोटशीट टाइप होऊन त्यांच्या टेबलावर गेली होती, आणि साहेब त्या दिवशी दुपारी मंत्रालयातून येऊन सही करणार होते.

हे मला सांगितलं बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, वानखेड्यांनी, तेही जिन्यात, आवाज खाली करून. यवतमाळकडचे गृहस्थ, निवृत्तीला आलेले. "पोट्टी चांगली आहे हो मॅडम. घरी सासू पडून आहे, लकवा मारला तिले. ही सकाळी तिचं सगळं करून, कूस बदलून, बस पकडते. जशपूरले गेली तर त्या म्हातारीले कोण पाहीन?"

जशपूर वाईट नाही, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे एवढंच. लिची काय गोड येते तिथं. पण पुरानी बस्तीतल्या खाटेवरच्या म्हातारीला तिथली लिची काय कामाची?

मी कामाला लागले. आधी नेटची तार पाहिली, ती ठीक. ती भिंतीत खोचायची जागा बदलून पाहिली, तेच. मशीन जुनं म्हणून असेल, असं मलाही वाटलं आणि मी अर्धी सकाळ त्यातला कचरा साफ करण्यात घालवली. काही फरक नाही. कुमुद मला पाणी, चहा, डब्यातलं थेपलं देत होती आणि प्रत्येक वेळी विचारत होती, "काकू, सापडली का माझी चूक?"

मग मी हात मागं घेतले आणि नुसती पाहत बसले. या कामात बाहेरच्यांना वाटतं आम्ही सारखं काहीतरी दाबत असतो. खरं काम नुसतं पाहण्याचं. मी म्हटलं, "कुमुद, तू तुझं रोजचं कर. मी आहे असं समजू नको." ती लिहीत होती तोवर मशीन खुशीत. फाइल जोडायची खूण दाबली, समाधी. उठल्यावर मी चॅट बंद करायला लावलं आणि कंप्युटरमधली सगळी कपाटं, म्हणजे ड्राइव्ह, दाखवणारी खिडकी उघडली. तर तीही तशीच थिजली! म्हणजे चॅट बिचारं निर्दोष. दुखणं कपाटांत.

खिडकी उघडली आणि मी पाहतच राहिले. साध्या मशीनमध्ये कपाटं असतात दोन, फार तर तीन. इथं इंग्रजी अक्षरांची रांग लागलेली, आणि प्रत्येक अक्षरापुढं एका साहेबांचं नाव, आणि नावावर लाल फुली. साहेबांच्या खुर्चीमागं भिंतीवर लाकडी पाटी असते ना, कोण कधीपासून कधीपर्यंत? तीच पाटी मशीनच्या आत.

वानखेड्यांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. हे मशीन जुन्या इमारतीत साहेबांच्या पीएचं होतं. तिथं मागच्या खोलीत एक मोठा कंप्युटर होता, सगळ्यांच्या फाइली त्यात. नवीन साहेब रुजू झाले की त्यांच्या नावाचा एक कप्पा त्या मोठ्या कंप्युटरमध्ये करायचा आणि पीएच्या मशीनवरून त्याला रस्ता द्यायचा. आम्ही त्याला नेटवर्क ड्राइव्ह म्हणतो. साहेब बदलून गेले की नव्यांचा रस्ता नव्यानं.

"आणि जुन्यांचा काढायचा नाही?"

वानखेड्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी देवघरातला फोटो काढायला सांगितला. "साहेबांचं नाव आपण कसं पुसाव मॅडम? उद्या ते सचिव होऊन आले अन् म्हणाले, माझं नाव काहून काढलं? मग?"

तर कुणीच कधी कुणाचं नाव काढलं नाही. कार्यालय नवा रायपूरला आलं. फाइली नव्या मोठ्या कंप्युटरवर आणल्या, जुना तिथंच अंधारात बंद पडून राहिला. आणि हे मशीन, आपल्या साहेबांची सगळी नावं पोटात घेऊन, आता कुमुद बसते त्या टेबलावर आलं.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. समजा दूधवाल्याकडं घरांची नावं आहेत. त्यातली कितीतरी घरं सोडून लोक निघून गेलेत, पण त्याला कुणी सांगितलं नाही. तो रोज जातो, बेल वाजवतो. आतून कुणी "दूध नको" म्हटलं असतं तर तो लगेच पुढं गेला असता. पण आत कुणीच नाही. मग तो उभा राहतो. येत असतील, अंघोळीत असतील, थांबू जरा. एका दारी असा वेळ जातो, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आणि जिच्या घरी लेकरू दुधासाठी रडतंय ती शेवटच्या घरातली बाई. चॅटमध्ये फाइल जोडायला गेलं की ते आधी सगळ्या कपाटांची दारं ठोठावतं, फाइल कुठून घ्यायची ते दाखवायला. आणि इथं एका मागोमाग एक, बदलून गेलेले साहेब.

ती नावं काढायला मला चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळ लागला असता. कुमुद म्हणाली, "मग काढून टाका ना काकू! साहेब यायच्या आत."

मी हात आवरला. म्हटलं, "बाळा, ऐक. मी आत्ता काढलं तर उद्यापासून तुझी उत्तरं धडाधड जातील. साहेब काय म्हणतील? बदलीचं नाव ऐकून कशी सुधारली पाहा. मागचं सगळं तुझ्या माथ्यावर तसंच राहील. त्यांना समाधी दिसली पाहिजे."

"अन् ते आलेच नाही इकडं तर? वरच बसून सही केली तर?"

मी म्हटलं, "मशीन तुझं आहे. तू म्हणशील तसं करू." तिनं पडद्यावरच्या फुल्या बोटानं एकेक मोजल्या. मग म्हणाली, "राहू द्या. दिसू द्या त्यांले."

वानखेडे जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. एवढ्या नोकरीत ते कुठल्या साहेबाच्या वाटेत उभे राहिले नसतील. साहेब आले, कानाला फोन, आणि वानखेडे म्हणाले, "सर, ज़रा हमारी शाखा में... मशीन देख लेते." साहेब म्हणाले, "मशीन मैं देखूँगा, वानखेडे जी?" वानखेडे नुसते हात जोडून उभे राहिले. ते पाहूनच बहुतेक साहेब आत आले.

मी उभी राहिले. "सर, मैं मशीन सुधारने वाली. बस एक काम कीजिए. मैडम की कुर्सी पर बैठकर अपने आप को एक फाइल भेजिए."

चिडले असते तर मला नवल वाटलं नसतं. पण माणूस सरळ होता. बसले, खूण दाबली, मशीन समाधीत. त्यांनी पुन्हा दाबली. माउस आपटला. घड्याळ पाहिलं. माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं. शाखेतली सगळी डोकी कागदात, पण एकाही कागदाचं पान उलटत नव्हतं. बऱ्याच वेळानं पडद्यावर रंग आला. त्यांनी फाइल निवडली. पुन्हा समाधी.

"रोज़ ऐसा होता है?" त्यांनी मागं न पाहता विचारलं.

"जी सर," कुमुद म्हणाली.

"तो आपने..." म्हणाले आणि थांबले. तिनं काय करायला हवं होतं ते त्यांनाही सुचलं नसावं.

मग मी कपाटं उघडून दाखवली. दूधवाल्याची गोष्ट सांगितली. ते नावं वाचायला लागले, मोठ्यानं. आणि काय सांगू, प्रत्येक नावाला मागं उभे असलेले वानखेडे आपोआप ताठ व्हायचे. मी सांगितलं, यानं कुणाची फाइल जात नाही, फक्त दारावरची पाटी निघते. साहेबांनी स्वतः एकेक नाव काढलं. वानखेडे खालच्या आवाजात म्हणत होते, "सर, ये तो अब दिल्ली में हैं... सर, ये बहुत सख़्त थे." शेवटचं नाव आलं आणि साहेबांचं बोट अडलं. ते त्यांचंच होतं. इमारत बदलायच्या थोडं आधी ते रुजू झाले होते, तेव्हाचं.

"सर, ये आपका है," वानखेडे कळवळून म्हणाले.

"मैं तो यहीं बैठा हूँ न," साहेब म्हणाले आणि तेही काढलं.

चॅट उघडलं. आता मी जे सांगते ते मलाही आधी ठाऊक नव्हतं. साहेबांच्या खिशात फोन थरथरला. मग पुन्हा. मग थांबेचना. कुमुदनं इतके दिवस लिहिलेलं सगळं त्या मशीनमध्ये अडून पडलं होतं. रांगेतली पहिली फाइल अडली म्हणून मागचे साधे शब्दही अडलेले. तिच्या पडद्यावर प्रत्येक उत्तरापुढं छोटं घड्याळ होतं. तिला वाटायचं घड्याळ म्हणजे पाठवल्याची वेळ. ते होतं, अजून वाट पाहतोय, असं सांगणारं.

साहेबांनी फोन काढला आणि वाचत गेले. तिथं उभ्या उभ्या मलाही दिसत होतं. "जी सर, भेज रही हूँ." "सर, संलग्न है." "सर, दोबारा भेज रही हूँ, पहली वाली मिली क्या?" "सर, मैं रोज़ भेज रही हूँ." "सर, नाराज़ मत होइए." ते खूप वेळ वाचत होते. मग वानखेड्यांना म्हणाले, "वो नोटशीट मेरी टेबल से ले आइए." वानखेडे या वयात जिना धावत चढले. साहेबांनी त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि कागद वाचायला कुमुदपुढं धरला. प्रस्ताव मागे घेतल्याचं होतं.

मला वाटलं आता ही रडणार. ती रडली नाही. नाकावर रुमाल दाबला आणि म्हणाली, "सर, मेरे पहले इसी मशीन पर साहू भैया बैठते थे."

मला साहू कोण ते माहीत नव्हतं. वानखेड्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या टेबलावर आधी साहू नावाचे बाबू होते. तीच तक्रार, उत्तर देत नाहीत. त्यांना कांकेरकडं पाठवलं होतं, आणि त्यांच्या नोटशीटवर सही याच साहेबांची होती.

साहू भैयांची बदली काही परत फिरली नाही, ते आधीच सांगते. मुलं तिथल्या शाळेत लागली होती, घर बसलं होतं. या धंद्यातली माझी खंत हीच. दुरुस्ती पुढच्यासाठी असते. मागच्याचं जे मोडलं ते मोडलं. पण त्या दुपारी साहेबांनी तिथूनच, कुमुदच्या खुर्चीत बसून, साहूंना फोन लावला. खोली शांत होती म्हणून पलीकडचा आवाज ऐकू येत होता.

साहेबांनी नाव सांगायचा अवकाश, तो घाबरलेला आवाज म्हणाला, "सर, इस बार तो भेज दिया था सर. मिला नहीं क्या? मेरा हाथ थोड़ा धीमा है सर, अभी सीख रहा हूँ."

"साहू जी, सुनिए. आपका हाथ धीमा नहीं था. मशीन ख़राब थी. आप भेजते थे, जाता नहीं था. मुझे आज पता चला."

साहेबांनी फोन कानापासून दूर धरून पाहिला, लागलेला आहे ना म्हणून.

मग साहू भैया म्हणाले, "सर, एक मिनट. फोन स्पीकर में डाल रहा हूँ. यहाँ सब बैठे हैं. एक बार और बोल देंगे क्या?"

साहेबांनी घसा साफ केला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, सावकाश, आवाज चढवून.